टाच आणि प्लेटलेटचं पाणी

बाबांच्या टाचेत सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच रुतलंय हे आधी आईला कळलं, आणि तेही कानाने. कोपरीतल्या आमच्या घरात त्या वर्षी नुकतीच लादी बसवली होती. बाबा बाहेरून आले, मोरीकडे गेले, परत आले, आणि दर दुसऱ्या पावलाला टक, टक असा आवाज. आईने विचारलं, "कसला आवाज येतंय यो?" बाबा म्हणाले, "कसला आवाज?" आणि तसेच टक टक करत जाऊन पंख्याखाली बसले.

नवरात्र चालू होतं. नऊ दिवस बाबा पायात काही घालत नसत आणि रोज संध्याकाळी कोपरीतून पूल ओलांडून टेंभी नाक्याच्या देवीला चालत जाऊन येत. बूच कधी लागलं, त्या दिवशी की आदल्या दिवशी, हे त्यांना सांगता येईना. मी चिमट्याने ते उपसून काढलं तेव्हा त्याच्या दातऱ्या कडेला टाचेचं मांस चिकटलेलं होतं. दिवसभर रक्तलघवीच्या बाटल्यांत हात घालणारी बाई मी, पण ते बूच मी न बघता कागदात गुंडाळलं. बाबा टीव्हीवर बातम्या बघत होते. "निगालं काय?" त्यांनी विचारलं, मान न वळवता.

मला तेव्हाच बोंबलायला हवं होतं. बोंबललेही, पण चुकीच्या गोष्टीवरून. अनवाणी का गेलात, देवीने चप्पल घालू नका असं सांगितलं होतं का, वगैरे. बाबांनी पाय उचलून तळवा मला दाखवला, एखाद्याने मेडल दाखवावं तसा, आणि म्हणाले, "मिठात घडलेला पाय हाय यो. याला काय व्हत नाय."

आम्ही आगरी. बाबांचं आयुष्य खाडीकडच्या मिठागरावर गेलं. तीस-पस्तीस हंगाम ते वाफ्यातल्या तिखट खाऱ्या पाण्यात उघड्या पायांनी उभे राहून फळीने मीठ ओढत आले होते. तिथे काचा, शिंपल्या, गंजके खिळे सगळंच लागतं, आणि त्यावर इलाज एकच. पाय तसाच मिठाच्या पाण्यात धरायचा, आईबापाच्या नावाने ओरडायचं, आणि कामाला लागायचं. लहानपणी माझ्याही गुडघ्यांवर हा इलाज झालेला आहे. जखमा भरायच्या, हे मी नाकारत नाही. फक्त तेव्हा सगळे ओरडायचे. बाबा गेल्या काही वर्षांत ओरडेनासे झाले होते, आणि आपला पाय शेवटी मिठाला पुरून उरला असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता.

खरा अर्थ मला ठाऊक होता: डायबेटीसने त्यांच्या पायातली जाणीव गेली होती. नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते, आणि दोन वर्षांपूर्वी मीच बाबांचं रक्त तपासून त्यांना डायबेटीस असल्याचं घरी सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "साकर चाय मदी टाकतात. रगतान कशी जाल?" गोळ्या आणून दिल्या तर त्या उशीखाली साठवल्या. भात कमी करा म्हटलं तर ताटात कमी वाढून घ्यायचे आणि दोनदा घ्यायचे. या माणसाशी भांडून भांडून माझा घसा बसला होता, आणि घरात माझं नाव 'डाक्टरीन' पडलं होतं, जे कौतुकाने कोणी घेत नसे.

बुचाची जखम दिवाळीपर्यंत भरली नाही. नाताळपर्यंतही नाही. आमच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर एक सर्जन बसत, डोंबिवलीहून येत, माणूस तरुण आणि उत्साही. ड्रेसिंग, अँटिबायोटिक, मेलेलं मांस खरवडणं, सगळं त्यांनी केलं. बाबांच्या टाचेवर तरीही दोन रुपयांच्या नाण्याएवढं भोक, कडा पांढऱ्याफटक, तळ निस्तेज. एक दिवस त्यांनी मला एकटीला वर बोलावलं आणि सांगितलं की हे असंच राहिलं तर हाडापर्यंत जाईल, आणि हाडापर्यंत गेलं की पाय काढावा लागेल. कुठून, असं मी विचारलं. त्यांनी स्वतःच्या पँटवर, गुडघ्याच्या चार बोटं खाली, हाताची कड ठेवली. मी जिना उतरून खाली आले आणि उरलेल्या दुपारी तीन स्लाईड फोडल्या.

चार दिवसांनी तेच सर्जन एक झेरॉक्स घेऊन लॅबमध्ये आले. परदेशातल्या कुठल्याशा मासिकातला लेख होता. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारे कण, एवढंच आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मी रोज त्या मोजायचे, लाखाच्या हिशेबात, आणि त्यांच्याबद्दल मला फारसा आदर नव्हता. सर्जन म्हणाले, या कणांच्या पोटात बारीक पिशव्या असतात, आणि त्यांत प्रथिनांचं एक अख्खं कुटुंब बसलेलं असतं. जखम झाली की प्लेटलेट फुटतात आणि ही मंडळी बाहेर पडून निरोप द्यायला लागतात. एकजण आजूबाजूच्या पेशींना म्हणतो, इकडे या. दुसरा म्हणतो, आलात ना, मग एकीच्या दोन व्हा. तिसरा नवीन रक्तवाहिन्यांना रस्ता दाखवतो. ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्यांना. स्वतः काही बांधत नाहीत, नुसते निरोप देतात, आणि निरोप पोचला की बाकीचे बांधायला लागतात.

मला ते चटकन कळलं. आमच्याकडे लग्नाच्या हळदीचं बोलावणं घरोघर जाऊन करावं लागतं. छापील पत्रिका पाठवली तर कोणी येत नाही, उलट रुसतात. बाबांच्या टाचेत बोलावणं करणारं कोणी उरलं नव्हतं. लेखात म्हटलं होतं, रोग्याचंच रक्त काढा, प्लेटलेट वेगळ्या करा, त्यांना मुद्दाम फोडा, आणि ते पाणी जखमेवर ठेवा. आपल्याकडे सेंट्रिफ्यूज आहे, सर्जन म्हणाले, आणि तू आहेस.

तर असं हे काम माझ्या गळ्यात पडलं. पंधरा दिवसांनी एकदा बाबांचं साठ मिली रक्त काढायचं, आणि काचेला हात लावायचा नाही. काच लागली की प्लेटलेट तिलाच चिकटतात आणि पोटातलं सगळं तिथेच ओकतात. तेव्हा आमच्याकडे निम्म्या सिरिंज काचेच्याच होत्या. मी प्लॅस्टिकच्या नळ्या मागवल्या. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या हळू गरगर फिरवायच्या, तांबड्या पेशी खाली बसवायच्या. वरचं पिवळं पाणी काढून जोरात फिरवायचं. तळाशी जो पांढुरका ठिपका राहील तो धुऊन त्यात थ्रॉम्बिन घालायचं, म्हणजे प्लेटलेट फुटतील. पुन्हा फिरवायचं आणि वरचं नितळ पाणी छोट्या छोट्या कुप्यांत भरून गोठवायचं. यात दोनदा वीज जायची. सेंट्रिफ्यूज आमचं जुनं, नळ्यांचं वजन जरा कमीजास्त झालं की टेबलावरून चालायला लागायचं, आणि मी त्याला दोन्ही हातांनी धरून उभी.

बाबांना समजावणं हा वेगळाच ताप. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माजंच रगत काडून माज्याच पायाला लावनार. मंग काडतेस कशाला? आत व्हतं तवा पायातच व्हतं ना?"

हा प्रश्न इतका बिनतोड होता की मी सर्जनना जाऊन विचारला. त्यांनी साखरेने बारीक झालेल्या रक्तवाहिन्यांबद्दल वीस मिनिटं सांगितलं. ते मी घरी येऊन दोन मिनिटांत सांगितलं, आणि बाबा म्हणाले, "बरं, काड."

आईचा विरोध फ्रीजवरून झाला. कुपी आदल्या संध्याकाळी थर्मासमधून घरी आणून सकाळपर्यंत बर्फाच्या कप्प्यात ठेवावी लागे. त्या कप्प्यात कोलंबी चालायची, सुरमईच्या तुकड्या चालायच्या, पावसाळ्यासाठी ठेवलेलं काय काय चालायचं, पण नवऱ्याचं रक्त चालत नव्हतं. "ते रगत नाही, आई, नुसतं पाणी आहे," मी सांगायचे. "पानी हाय तर नळाचं लाव," आई म्हणायची. शेवटी कुपी स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, आणि पिशवीला तीन गाठी. रोज सकाळी पाचला त्या गाठी सोडताना माझी नखं मोडायची.

लेखातला नियम असा होता: दिवसाचे बारा तास हे पाणी भिजवलेली पट्टी जखमेवर ठेवायची, संध्याकाळी काढायची, जखम सलाईनने हलक्या हाताने धुवायची आणि रात्रीपुरतं साधं मलम लावायचं. सकाळची पट्टी मी बांधायचे. संध्याकाळी मला घरी यायला साडेआठ व्हायचे, म्हणून धुण्याचं काम बाबांनी करायचं ठरलं. मी त्यांना सलाईनच्या बाटल्या आणून दिल्या.

"यान काय हाय?" त्यांनी बाटली उजेडात धरून विचारलं.

मी सकाळच्या घाईत होते. पट्टीची कात्री सापडत नव्हती. "मिठाचं पाणी आहे, बाबा. आता त्यावर तरी वाद घालू नका."

त्यांनी वाद घातला नाही. उलट त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत माझ्या डॉक्टरीतली पहिली गोष्ट त्यांना पटली होती. मी खूश होऊन कामावर गेले, आणि आजही त्या सकाळची आठवण झाली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दोन आठवडे झाले, जखम तेवढीच. महिना झाला, तेवढीच. सकाळी पट्टी उघडली की कडा आकसलेल्या, तळ करडा, कोरडा. सर्जन स्केलपट्टीने मोजायचे आणि काही बोलायचे नाहीत. पाचव्या आठवड्यात बोलले. "लेखात सगळ्यांच्या जखमांना या वेळेपर्यंत लाली आली होती. तुझ्या हातून तयार करतानाच काहीतरी बिघडतंय."

मी उलटून बोलले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. मी लॅब बंद झाल्यावर एकेक पायरी पुन्हा तपासली. पिवळ्या पाण्यातल्या प्लेटलेट मोजल्या, भरपूर होत्या. फोडल्यानंतर मोजल्या, फुटलेल्या होत्या. नळ्या बदलल्या. थ्रॉम्बिनची नवी बाटली आणवली. थर्मासमधलं तापमान मोजलं. जेवताना, चालताना, पुलावरून जाताना डोक्यात एकच: त्या कुटुंबातला कोणता माणूस मी वाटेत मारून टाकतेय? बाबांचा पाय जाणार आणि तो माझ्या हाताने जाणार, हे मी आईशीसुद्धा बोलले नाही. घरी मात्र सगळ्यांवर खेकसत होते. मीठ कमी पडलं म्हणून मी आईवर ओरडले, आणि पाऊण तास रडले.

सहाव्या आठवड्यात सर्जन म्हणाले, आता एक्सरे काढू आणि पुढचं ठरवू. 'पुढचं' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी मी सकाळी काढलेली रात्रीची पट्टी कचऱ्यात न टाकता कागदात गुंडाळून लॅबमध्ये नेली. जंतू कुठले आहेत ते तरी बघू, असा विचार. दुपारी कागद उघडला तेव्हा पट्टी वाळून कडक झाली होती आणि खिडकीच्या उजेडात चमचम करत होती.

मलमाने पट्टी चमकत नाही. मी तिचा एक धागा काचपट्टीवर ठेवून मायक्रोस्कोपखाली सरकवला. जंतू बघायची वेळच आली नाही. धाग्याला लगडून चौकोनी खडे होते, स्वच्छ, कोपरे धारदार, एकावर एक. रंगद्रव्य नको, पुस्तक नको. मिठागरवाल्याच्या पोरीला ते कोणी ओळखून द्यावे लागत नाहीत.

सलाईनमध्ये लिटरला नऊ ग्रॅम मीठ. तेवढ्याने असे खडे लगडत नाहीत.

मी बॅग उचलली, माझ्या पोटात दुखतंय असं लॅबच्या साहेबांना सांगितलं, आणि रिक्षा न बघता चालत सुटले. घरी पोचले तेव्हा पाच वाजत होते. बाबा मागच्या पायरीवर बसले होते. समोर तसराळं, त्यात घोट्यापर्यंत पाय, बाजूला रॉकेलचा जुना प्लॅस्टिकचा कॅन. तसराळ्याच्या काठाला पांढरा थर धरला होता. मी बोट बुडवून जिभेला लावलं. ते समुद्राचंही पाणी नव्हतं. ते शेवटच्या वाफ्यातलं पाणी होतं, ज्यात दुसऱ्या दिवशी मीठ पडतं ते. सलाईनच्या तीसपट खारट तरी असेल.

"हे काय आहे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मिठाचं पानी," बाबा म्हणाले. "तूच बोललीस ना."

"मी बाटल्या आणून दिल्यात!"

"त्या मी चाकून बगितल्या." बाबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अलनी हान गो. खाडीचं पानी त्याच्यापेक्षा बरं. कोनी तरी फसवलाय तुना. मिठाचं पानी कसं असतं ते मना शिकवू नको. मी जाऊन चांगलं आनतंय रोज."

"आणि बाटल्यांतलं?"

"गुलन्या करतंय त्याच्यानं. घशाला बरं वाटतं."

म्हणून बाटल्या वेळेवर संपत होत्या. म्हणून मला कधी शंका आली नाही. पाण्याची ताकद जिभेवर ओळखणारा माणूस हा. उद्या मीठ पडेल की परवा, हे चाखून सांगायचा, आणि मिठागराचे मालक त्याच्या जिभेवर विश्वास ठेवायचे. त्याला मी एका घाईच्या सकाळी 'मिठाचं पाणी' असं सांगून मोकळी झाले होते. बारा तास ती निरोपे मंडळी कोवळ्या पेशींना गोळा करायची, आणि संध्याकाळी पाच वाजता बाबा त्यांचं लोणचं घालायचे. सहा आठवडे. रोज. मोठ्या काळजीने, एक दिवस न चुकवता. गोळ्या उशीखाली ठेवणारा माणूस हे मात्र न चुकता करत होता.

मी जे ओरडले ते इथे सगळं लिहीत नाही. शेजारचे दारात आले. बाबा पण चिडले. "अरे, आमचे बापजादे याच पान्यान बरे झाले. मना काय त्रास व्हत असता तर मी बोललो असतो ना! जरा पन झोंबत नाय!"

"झोंबत नाही कारण तुम्हाला पाय राहिलेलाच नाही!"

"म्हनजे?"

मला राहवलं नाही. बॅगेत बोट टोचायच्या सुया होत्या. मी त्यांचा पाय तसराळ्यातून काढून मांडीवर घेतला, पुसला, आणि म्हणाले, डोळे मिटा. मी टोचते. लागलं की सांगा. बाबांनी हसून डोळे मिटले. मी अंगठ्याला टोचलं. मग दुसऱ्या बोटाला. तळव्याला, मध्ये, कडेला, टाचेच्या वर. प्रत्येक ठिकाणी रक्ताचा एक थेंब वर आला. बाबा डोळे मिटून वाट बघत बसले होते. शेवटी जरा वैतागून म्हणाले, "आगो, टोच ना. थांबलीस कशाला?"

आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. मी म्हणाले, डोळे उघडा.

बाबांनी खाली बघितलं. नऊ थेंब होते. त्यांनी बोटाने एक पुसला, आणि तो पुन्हा येतो का हे बघत राहिले. मग उठून घरात गेले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, वर्षानुवर्षांच्या भांडणात पहिल्यांदाच. प्रत्यक्षात मी तिथेच पायरीवर बसून राहिले, आणि मला माझीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सर्जनना खरं सांगितलं. चूक माझी, मी नीट समजावलं नाही, असंही सांगितलं. ते आधी हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. एक्सरेत हाड शाबूत निघालं, ती आमची नशिबाची बाजू. पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू केलं. आता संध्याकाळचं धुणं आई करायची, आणि बाबा निमूट पाय पुढे करायचे. त्यांचं ते निमूट असणं मला भांडणापेक्षा जड गेलं.

दहाव्या दिवशी जखमेच्या तळाशी लाली दिसली. बारीक, दाणेदार, ओली. सर्जननी भिंगातून बघितलं आणि मला बघायला दिलं. मी इतकी वर्षं प्लेटलेट मोजल्या, पण त्यांचं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग कडा आत सरकायला लागल्या. स्केलपट्टीवर दर आठवड्याला दोन-तीन रेघा कमी. होळीनंतर जखम हरभऱ्याएवढी झाली, आणि आंबे आले तेव्हा तिथे फक्त गुलाबी, चकचकीत कातडी होती. बाबांचा पाय वाचला. आईने कोंबडं कापलं. आत्या, काका, अख्खी आळी जेवायला आली. मी बाबांना म्हटलं, आता चप्पल, रोज तळवा बघणं, आणि गोळ्या. त्यांनी मान डोलावली. सगळं इतकं सुरळीत होतं की मला संशय यायला हवा होता.

पंधरा दिवसांनी रविवारी मी त्यांचा तळवा बघायला घेतला. जखमेची जागा छान होती. बाकी तळव्यावर मात्र लाल ठिपके होते. बारीक, एका ओळीत, मग खाली दुसरी ओळ, अंगठ्यापासून टाचेपर्यंत. काही ताजे, काही खपली धरलेले. एक पिकायला लागला होता.

"हे काय लावलंय?" मी किंचाळलेच. "कशाने झालं हे? कुठे गेला होतात? महिनोन् महिने घालवले मी एका भोकासाठी, आणि तुम्ही..."

"ओरडू नको," बाबा हळू म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून आईची गोधडी शिवायची सुई काढली आणि माझ्या हातात ठेवली. "मीच बगत व्हतो. डोले मिटून. रोज."

"काय बघत होतात?"

"आलंय का परत." ते तळव्याकडेच बघत होते. "जखम भरली ना. तुजं ते पानी सगल्यांना बोलवतं बोललीस. मांस आलं, कातडी आली. मना वाटलं, आता लागाला पन लागंल. कवा यील?"

साखर कशी वाढते ते मी त्यांना सांगितलं होतं. पाय कसा सडतो, कुठून कापतात, सलाईनमध्ये मीठ किती, प्लेटलेटच्या पोटात काय काय असतं, सगळं सांगितलं होतं, ओरडून, चिडून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी त्यांना नऊ ठिकाणी टोचून ते हरले हेही दाखवलं होतं. पण त्यापुढचं एक वाक्य मी कधी बोलले नव्हते. ते त्यांना माहीतच असणार असं मी धरून चालले होते.

"नाही यायचं, बाबा," मी म्हणाले. "तेवढं नाही येत परत."

"कवाच नाय?"

"नाही."

बाबांनी पिकायला लागलेल्या ठिपक्यावर अंगठा दाबून बघितला. मग म्हणाले, "येवडं आदी बोलली असतीस तर मी कशाला टोचत बसलो असतो?"

त्यांनी पाय माझ्या हातातून सोडवून घेतला, दोन्ही हातांनी उचलून लादीवर ठेवला, तो नीट टेकला की नाही ते वाकून बघितलं, आणि मग उठले.